नाव एक, झाडे वेगळी : बांधावरच्या झाडांची ओळख, मूळ आणि उपयोग

रोपवाटिकेत जाऊन "निंबाची पन्नास रोपे द्या" एवढेच सांगितले, तर चार वेगळ्या झाडांपैकी कुठलेही रोप तुमच्या हाती पडू शकते. कडुनिंब, बकाण निंब, मलबार नीम आणि महारुख या चौघांनाही कुठे ना कुठे निंबच म्हणतात. बाभळीचेही तेच, चिंचेचेही तेच. रोप लहान असताना फरक पटकन दिसत नाही. तो कळतो पाच-सात वर्षांनी, आणि तोवर झाडाने बांध धरलेला असतो.

गावाकडची झाडांची नावे बहुधा रूपावरून पडली आहेत. परदेशातून नवे झाड आले आणि त्याचे पान आपल्या एखाद्या झाडासारखे दिसले, की जुन्याच नावामागे "विलायती", "वेडी", "सु" असे काही लावून लोकांनी काम भागवले. बोलण्यापुरते ते ठीक आहे. पण पाला जनावराला घालायचा असेल, बियांचा अर्क फवारायचा असेल, साल औषधाला विकायची असेल किंवा झाड तोडायचे असेल, तर नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. म्हणून या लेखात झाडे एकेकटी न घेता, ज्यांची गल्लत होते ती शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आधी पान म्हणजे काय ते पाहा

झाड ओळखताना बहुतेकांची पहिली चूक पानातच होते. कडुनिंबाची जी लहान, करवतीसारख्या कडांची "पाने" आपण म्हणतो, ती खरे तर पर्णिका आहेत. मधल्या दांडीसकट सगळे मिळून ते एक पान.

हे तपासायची सोपी खूण आहे. पानाचा देठ फांदीला जिथे जोडलेला असतो, त्याच्या बगलेत एक छोटा डोळा असतो. ज्या देठाच्या बगलेत डोळा आहे, तिथून पान सुरू होते. पर्णिकेच्या बगलेत डोळा नसतो. एवढे पाहता आले की पुढचे प्रश्न सोपे होतात. पान साधे आहे की त्याला पर्णिका आहेत? पर्णिका थेट मधल्या दांडीला लागल्या आहेत, की दांडीला उपदांड्या फुटून त्यांना लागल्या आहेत? पहिल्या प्रकाराला एकदा विभागलेले पान म्हणू, दुसऱ्याला दोनदा विभागलेले. खालची निम्मी ओळख एवढ्यावरच होणार आहे.

फुले आणि शेंगा मिळाल्या तर उत्तमच. पण त्या वर्षभर नसतात, म्हणून पान, काटा आणि साल या तीन गोष्टींवर जास्त भर द्या.

चार निंब

कडुनिंब हे भारतीय उपखंड आणि म्यानमारच्या भागातले मूळचे झाड. पान एकदा विभागलेले, पर्णिका कोयत्यासारख्या किंचित वाकड्या, कडा दातेरी आणि तळाशी दोन्ही बाजू असमान. फुले पांढरी, बारीक, मधासारख्या वासाची, चैत्राच्या सुमारास येतात. पाडव्याला कोवळ्या पाल्याबरोबर तीच आपण खातो. निंबोळ्या पिकतात जून-जुलैत. पिकल्यावर पिवळ्या होतात आणि आत बहुधा एकच बी असते.

बकाण निंबाचे पान दोनदा, कधी तीनदा विभागलेले असते. हा फरक लक्षात ठेवलात तर दुसरे काही पाहायची गरज नाही. फुले फिकट जांभळी आणि मधोमध गडद जांभळी नळी. फळे गोल, पिवळी, आणि हिवाळ्यात पाने झडली तरी झाडावर घोसांनी लटकून राहतात. आतली कठीण आठळी खाचांची असते, तिच्यात एकाहून अधिक बिया असतात आणि तिच्या माळाही करतात. ही फळे विषारी आहेत. डुकरे, कुत्री आणि माणसे यांना त्यांची बाधा होते, म्हणून अंगणात लहान मुले खेळत असतील तर ती गोळा करून टाकावीत.

फवारणीशी याचा थेट संबंध आहे. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवतात. सकाळी ती फडक्यातून गाळून घेतात, त्यात १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळतात आणि एकूण द्रावण १०० लिटर करतात. हे प्रमाण कडुनिंबाच्या बियांसाठी आहे. बकाणच्या फळांना ते लागू होत नाही. मजुरांकडून निंबोळ्या गोळा करून घेता तेव्हा पोत्यात हात घालून पाहा : कडुनिंबाची निंबोळी लांबट असते, बकाणची गोल. अर्क त्याच दिवशी आणि शक्यतो संध्याकाळी फवारावा, कारण त्यातला अझाडिरॅक्टीन हा मुख्य घटक उन्हात लवकर निकामी होतो.

कडुनिंबाचे रोप स्वतः करायचे असेल तर बी ताजे घ्या. निंबोळीची उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने घटते. मागच्या वर्षीचे बी पेरून "उगवले नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

जुन्या घरांत धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालत, काडीने दात घासत आणि गोवर-कांजिण्यांत अंथरुणाशी डहाळ्या ठेवत. या झाडाचे कीडनाशक गुण आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, हे एकदा युरोपात सिद्धही करावे लागले. अमेरिकेचे कृषी खाते आणि तिथली एक कंपनी यांना कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापराबद्दल युरोपात मिळालेले पेटंट भारतीय बाजूच्या हरकतीनंतर २००० साली रद्द झाले आणि त्यावरचे अपील २००५ साली फेटाळले गेले.

मलबार नीम हे बकाणचे जवळचे भावंड, पश्चिम घाटातही आढळणारे. त्याचेही पान दोनदा-तीनदा विभागलेले, पण झाड सरळसोट उंच जाते आणि फळ बकाणपेक्षा मोठे असते. प्लायवूडसाठी सध्या याची लागवड सुचवली जाते. लागवड करायला हरकत नाही, पण आधी खरेदीदार कोण, किती घेराचे लाकूड घेणार आणि शेतातून उचलणार का, हे विचारून घ्या. मलबार नीम सांगून बकाणची रोपे माथी मारली गेली तर झाड लवकर फांद्या फोडते आणि प्लायवूडला लागणारे सरळ खोड मिळत नाही.

महारुख सगळ्यात सोपा. पान हातभर लांब, कधी त्याहून मोठे, पर्णिकांच्या कडा ओबडधोबड कापल्यासारख्या, चुरगळले तर उग्र वास. फळ म्हणजे पातळ पंखाची तांबूस चकती, वाऱ्यावर भिरभिरत जाणारी. लाकूड हलके, आगपेट्या आणि खोक्यांसाठी चालणारे. पाला शेळ्या-मेंढ्या खातात, गुजरात-राजस्थानात तर चाऱ्यासाठीच हे झाड राखतात. (कढीनिंब हा पाचवा, पण तो स्वयंपाकघरात कुणी चुकवत नाही.)

बाभळींचा गोतावळा

इथे गोंधळ सर्वांत जास्त आणि नुकसानही सर्वांत जास्त, म्हणून थोडे सविस्तर पाहू.

आपली बाभूळ आफ्रिका, अरबस्तान आणि भारतीय उपखंड अशा मोठ्या पट्ट्यात मूळचीच आहे. पान दोनदा विभागलेले, पर्णिका अगदी बारीक. पानाच्या बुडाशी सरळ, पांढरट काट्यांची जोडी. फुले पिवळीधमक, लोकरीच्या गोंड्यासारखी गोल. शेंग राखाडी आणि प्रत्येक बीनंतर आवळलेली, म्हणजे मण्यांची माळ ओवावी तशी. ही माळेसारखी शेंग दुसऱ्या कुठल्याही बाभळीला नसते.

एके काळी शेतीची अवजारे म्हणजे बाभूळच. गाडीची चाके, जू, कुळवाचे दिंड, पाभर, मोगरी, सगळे तिच्या लाकडाचे. साल कातडी कमावायला, डिंक औषधाला आणि खायला, फांद्या कुंपणाला, काडी दातवणाला, शेंगा शेळ्या-मेंढ्यांना. शेळीच्या पोटातून गेलेले बी चांगले उगवते, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. शेळ्या बसवलेल्या जागेतले बी वेचून ते पेरणीला वापरत. साध्या बियांना उगवण हवी असेल तर गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवावे.

बाभळीची सावली पिकाला नको असेल तर रामकाठी बाभूळ लावा. ही बाभळीचीच एक जात. फांद्या खोडाला धरून वर जातात, झाड खराट्यासारखे अरुंद राहते आणि बांधाशेजारच्या तासांवर सावली कमी पडते. बांधासाठी इतकी सोयीची देशी जात असताना ती रोपवाटिकांत सहज मिळत नाही, हे मात्र खटकते.

हिवर ही दुसरी देशी बाभूळ. साल पांढरट-पिवळट, दुरूनच उठून दिसणारी. फुलांचे गोंडे पिवळे नसून मळकट पांढरे, पावसाळ्यात मोठ्या झुपक्यांनी फुलतात. कोरडवाहू माळरानावर, मुरमाड जमिनीत टिकणारे झाड. शेंगा आणि पाला शेळ्यांना चालतो.

खैर दिसायला बाभळीसारखाच, पण काटे सरळ नसतात, मांजराच्या नखासारखे वाकडे असतात. फुले गोंड्यात नसतात, बोटभर लांबीच्या फिकट पिवळ्या तुऱ्यात येतात. शेंग पातळ, चपटी, तपकिरी. याच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात करतात. कोकणात कातभट्ट्यांचा हा जुना धंदा आणि कातकरी समाजाचे नावही त्यावरूनच पडले. खैराची किंमत मोठी, म्हणून आपल्या बांधावर खैर आहे की बाभूळ, हे मालकाला ठाऊक असावे. सरपणाच्या भावात खैर गेल्याची उदाहरणे कोकणात कमी नाहीत.

आता परदेशी मंडळी. वेडी बाभूळ मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारतात आणली गेली, सरपण मिळावे आणि उजाड जमिनी हिरव्या व्हाव्यात म्हणून. तिचे पानही दोनदा विभागलेले, पण उपदांड्या मोजक्या, एक-दोन जोड्या, आणि पर्णिका बाभळीपेक्षा लांब, विरळ. फूल गोल गोंडा नसते, फिकट हिरवट-पिवळी लोंबती शेपटी असते. शेंग पिवळी, गुळचट, जवळजवळ सरळ, बियांमध्ये न आवळलेली. जनावरे या गोड शेंगा आवडीने खातात आणि शेणातून बी रानभर पसरवतात. तळ्याचा काठ, ओढा, पडीक रान अशा जागा ती काही वर्षांत काबीज करते. सरपण आणि कोळसा चांगला होतो हे खरे, पण त्यासाठी ती बांधावर मुद्दाम आणू नये. जनावरांना महिनोन्‌महिने मुख्यतः याच शेंगांवर ठेवले तर आजार होतात, तेही टाळावे.

वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली तर एका खोडाच्या जागी दहा फुटवे येतात. फुटव्याचे डोळे खोडाच्या जमिनीखालच्या भागातही असतात. म्हणून बुंधा उकरून, वीतभर ते फूटभर खोलीवर मूळ तोडून काढावे लागते. पाऊस पडून जमीन मऊ झाली की हे काम सोपे जाते.

सुबाभूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. काटे नाहीत, फुलांचे गोंडे पांढरे, शेंगा चपट्या, तपकिरी, झुबक्याने लटकणाऱ्या. काटे नसणे ही पहिली खूण. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चारा आणि सरपण म्हणून तिचा मोठा प्रसार झाला. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे उभ्या केलेल्या बायफ संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. पाल्यात प्रथिने भरपूर, म्हणून दुभत्या जनावरांना चांगला. पण त्यात मिमोसिन नावाचा विषारी घटक असतो. एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त सुबाभूळ रोज दिली तर जनावराचे केस गळतात, गळ्याची ग्रंथी सुजते, वजन घटते. घोडा, डुक्कर आणि कोंबड्यांना ती अधिक बाधते. हवाई बेटांवरच्या शेळ्यांना मात्र काही होत नाही, हे डॉ. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. शोध घेतल्यावर त्या शेळ्यांच्या पोटात हे विष मोडणारा जिवाणू सापडला आणि पुढे त्या जिवाणूला जोन्स यांचेच नाव दिले गेले.

सुबाभूळ लावायची तर कापणी नियमित ठेवा, शेंगा धरू देऊ नका. कापणी सोडलेली सुबाभूळ दोन-तीन वर्षांत स्वतःच्या रोपांचे गवत करते आणि मग शेजाऱ्याशी भांडण ठरलेले.

ऑस्ट्रेलियन बाभूळ कोकणात रस्त्याकडेला आणि कातळावर खूप लावली गेली. तिला मोठ्या झाडावर बाभळीसारखे बारीक पान नसतेच. जे कोयत्यासारखे लांब, जाड पान दिसते ते खरे तर चपटा झालेला देठ आहे. अगदी कोवळ्या रोपाला पहिली काही पाने बारीक पर्णिकांची येतात, तेवढ्यावरून बाभळीचे नाते कळते. शेंग पिळलेल्या कानासारखी. लवकर वाढते, सरपण देते, पण पाला जनावरे खात नाहीत.

तीन चिंचा, एकही इथली नाही

चिंचेइतके झाड आपले कुठले, असे वाटते. पण तिचे मूळ आफ्रिकेत आहे. ती इतक्या पूर्वी भारतात आली की अरब व्यापाऱ्यांनी तिला "हिंदचा खजूर" म्हटले आणि शास्त्रीय नावातला टॅमॅरिंडस हा शब्द त्या अरबी नावावरून आला.

ओळख सांगायची गरज नाही. उपयोगातला एक मात्र विसरला जातो आहे. चिंचोक्यांच्या पिठाची खळ. घोंगडी विणून झाली की तिला ही खळ देत, त्याने घोंगडी ताठ होते आणि पाणी लवकर धरत नाही. कापड गिरण्यांतही सुताला चिंचोक्याची खळ वापरत. लाकूड कठीण आणि चिवट, तेलघाण्याला आणि खाटकाच्या ठोकळ्याला तेच लागे. चिंचेच्या सावलीत पीक येत नाही, म्हणून ती शेताच्या मध्ये न ठेवता पडीक कोपऱ्यात किंवा उत्तरेकडच्या बांधावर लावावी, म्हणजे हिवाळ्यातली लांब सावली शेताबाहेर पडते. फळासाठी लावायची तर कलम घ्या. मराठवाड्यात निवडलेला प्रतिष्ठान हा वाण त्यासाठी ओळखला जातो. रोपापासून वाढवलेली चिंच फळावर यायला बरीच वर्षे घेते आणि फळ कसे येईल याचा भरवसा नसतो.

विलायती चिंच मेक्सिकोकडची. स्पॅनिश लोकांनी ती फिलिपिन्सला नेली आणि तिथून ती आपल्याकडे पोचली. पान पाहिले की शंका उरत नाही : एका पानाला दोन उपदांड्या आणि प्रत्येकीला दोनच पर्णिका, म्हणजे एकूण चार. काट्यांची जोडी, जिलेबीसारखी वळलेली शेंग, आत पांढरा-गुलाबी गर आणि काळ्या बिया. छाटणी सोसते, म्हणून जिवंत कुंपणाला फार चांगली. पाला शेळ्या खातात, शेंगा पोरे आणि पोपट.

गोरखचिंच हीसुद्धा आफ्रिकेची. पश्चिम किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांबरोबर आली असे मानतात. हत्तीच्या पायासारखे फुगीर खोड, हाताच्या पंजासारख्या पाच-सात पर्णिका, रात्री उमलणारी मोठी पांढरी लोंबती फुले आणि मखमली कवचाचे फळ. गर आंबट, म्हणून नावात चिंच. बांधावर लावायचे हे झाड नाही. पण गावात जुने असेल तर जपावे.

आपटा, अशोक आणि करंज

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात "आपटा" म्हणून जी पाने येतात, त्यांत कांचनाची पाने पुष्कळ असतात. दोन्हींचे पान टोकाला दुभंगलेले, म्हणून फसायला होते. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, खालून राखट. कांचनाचे तळहाताएवढे, पातळ, लांबट. फुले पाहिली तर प्रश्नच नाही. आपट्याची बारीक, पिवळट-पांढरी. कांचनाची मोठी, गुलाबी, जांभळी किंवा पांढरी. आपटा भारतातला, सुक्या रानात वाढणारा, वेडावाकडा, काळपट सालीचा. सालीच्या वाखाचे दोर वळत, काही भागांत पानांच्या विड्या करत. कांचनाच्या कळ्यांची आणि फुलांची भाजी होते. दोन्ही मिळून एकच कुळ आणि त्याचे शास्त्रीय नाव बाउहिन आडनावाच्या दोन भावांवरून ठेवलेले, पान जोडीचे म्हणून. सोन्यासाठी झाड ओरबाडण्यापेक्षा बांधावर दोन आपटे लावले तर घरच्यापुरती पाने मिळतात.

अशोकाच्या बाबतीत फसवणूक पैशांची आहे. बंगल्याच्या कुंपणाला जे उंच, सरळ, नागमोडी कडांच्या पानांचे झाड दिसते तो आसुपालव, म्हणजे खोटा अशोक, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला. त्याचे पान साधे, फुले हिरवट, लक्षात न येणारी. सीतेचा अशोक तो खरा. त्याच्या पानाला पर्णिका असतात, कोवळी पालवी तांबूस आणि मरगळल्यासारखी खाली लोंबते, आणि वसंतात फांद्यांवरच केशरी-लाल फुलांचे झुबके येतात. कोकणातल्या दमट, सावलीच्या जागा त्याला मानवतात. आयुर्वेदात स्त्रियांच्या विकारांवर याची साल वापरतात. मागणी जास्त आणि जंगलात झाडे कमी झाल्यामुळे बाजारात आसुपालवाची साल मिसळली जाते. औषधी लागवडीसाठी रोपे घेताना पानाला पर्णिका आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी पुरे.

करंज आणि गिरिपुष्प यांचीही रोपे सारखी दिसतात. करंज इथला, नदीनाल्याकाठचा. पर्णिका पाच ते सात, गडद, तकतकीत. शेंग चपटी, कठीण, करंजीच्या आकाराची, आत बहुधा एक बी. तेल दिव्याला, त्वचारोगावर आणि कातड्याला लावत. पेंड अजूनही जमिनीतल्या किडींसाठी वापरतात. गिरिपुष्प मेक्सिको-मध्य अमेरिकेतला, तिथे कोकोच्या बागेला सावलीसाठी लावत. पर्णिका करंजापेक्षा जास्त, फिक्या, मऊ, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुले. उंदीरमारी हे नाव उगीच पडलेले नाही. त्याच्या सालीचे आणि बियांचे विष उंदरांना घालत. घोड्याला पाला देऊ नये. हिरवळीच्या खतासाठी मात्र बांधावर याच्याइतके सोयीचे झाड क्वचितच. फांदीचे हातभर छाट पावसाळ्याच्या सुरुवातीला रोवले तरी जगतात, आणि दरवर्षी कमरेएवढ्या उंचीवर छाटून पाला जमिनीत गाडता येतो.

ऐन की अर्जुन

दोघे एकाच कुळातले. काही भागांत दोघांनाही सादडा म्हणतात, तिथून घोळ सुरू होतो. दोघांची पाने साधी, फळे पाच पंखांची. म्हणून इथे पान सोडून साल पाहा. ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. अर्जुनाची गुळगुळीत, राखट-गुलाबी, पापुद्रे सुटणारी. जागाही वेगळी : ऐन डोंगरउतारावर, अर्जुन ओढ्यानदीच्या काठावर.

कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजताना ऐन आणि किंजळाच्या फांद्या तोडतात. दरवर्षी शेंडा तोडल्याने ही झाडे खुंटतात, हे मात्र डोळ्यांनी दिसते. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात ऐन आणि अर्जुनावर टसर रेशमाचे किडे वाढवतात, ढिवर समाजातल्या अनेक कुटुंबांचे हे जुने काम. अर्जुनाची साल हृदयविकारावर आयुर्वेदात प्रसिद्ध आहे. घरी काढा करून घेण्याआधी वैद्यांना विचारा, विशेषतः आधीच हृदयाची औषधे चालू असतील तर. साल विकायची असेल तर खोडाभोवती पूर्ण वर्तुळ काढू नका. एका बाजूची वरची साल अलगद काढली तर ती पुन्हा भरून येते. पूर्ण कडे काढले तर झाड वाळते.

तोडण्यापूर्वी

झाड आपल्या मालकीच्या जमिनीत असले तरी काही जाती तोडायला परवानगी लागते. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, अंजन अशी झाडे येतात. वर पाहिलेल्या जोड्यांतली काही नावे इथे पुन्हा दिसतील. "बाभूळ समजून तोडली" असे म्हणून खैराच्या तोडीतून सुटका होत नाही. व्यापारी जात सांगेल ती न मानता, पान, साल आणि शेंग यांचे फोटो काढून ठेवा आणि शंका असेल तर वनपालाला दाखवा. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याची संमती आधी घ्या. सातबारावर झाडांची नोंद असेल तर तीही तपासा, कारण तिथे लिहिलेली जात आणि जागेवरचे झाड वेगळे असू शकते. वाहतूक परवान्याचे नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा लाकूड गाडीत भरण्याआधी तलाठी कार्यालयात किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.